कुडचड्याच्या मंडळीची वही

पहिल्या पानावर चौदा नावं आहेत
आणि एक अंगठा, तांबडा.
शाई नव्हे ती. खाणीची माती.
दिनकर रणभिसे ट्रकवरून तसाच उतरला होता.

कोडोली, इस्लामपूर, मिरज,
घाट उतरून आलेली माणसं:
एक फिटर, दोन पॉइंट्समन,
मिशनच्या दवाखान्यात शिकलेली नर्स,
आणि माझे वडील, मँगनीजच्या काट्यावरचे कारकून,
ज्यांना वजनात चूक खपत नसे, वचनातही.

उपासनेला मिळालं कंपनीचं जुनं गोदाम.
घंटा म्हणून स्टेशनामागे पडलेला रुळाचा तुकडा,
बोल्टने ठोकायचा.
गावातल्या बाया कुंपणाशी थांबून विचारायच्या,
"सांत ना, वात ना, ही कसली इगर्ज?"
आई म्हणायची, "बसा ना आत. बाकं आहेत."

बाकं नव्हती तेव्हा. खोकी होती.

सदुसष्ट साल. ठराव तिसरा, वडिलांच्या तिरप्या अक्षरात:
सभासदांनी दारूच्या दुकानाची पायरी चढू नये.
दुकान एकच, आमच्या भिंतीला भिंत लावून,
बोस्त्यांव कुलासचं.
प्रभुभोजनासाठी आम्ही काळ्या मनुका भिजवून गाळत असू
आणि तो खिडकीतून ओरडे,
"पाद्रीबाब, उदक कित्याक? हांव दितां मरे वायन!"

त्याच जानेवारीत रणभिशांची पोर गेली.
सुवार्ता, वय तीन.
पुरायला जागा नव्हती.
इगर्जीच्या सिमितेरीत आम्ही बसत नव्हतो,
मसणवट्यातही नाही.
खनिजाच्या ट्रकमध्ये, ताडपत्रीखाली,
रात्रभर अनमोडचा घाट चढून
बाप तिला कोडोलीला घेऊन गेला.
वहीत एवढंच आहे: दफन परगावी.

तो परतल्यावर चौथ्या दिवशी
बोस्त्यांव दारात येऊन उभा राहिला.
या म्हटलं तरी आत आला नाही.
काजूच्या उतारावरची बारा पावलं रुंद पट्टी
मंडळीच्या नावे करतो म्हणाला, आणि वळला.
त्या संध्याकाळी वडील दुकानाची पायरी चढले,
कागदावर सही घ्यायला.
ठराव तिसरा अजून रद्द झालेला नाही.

पुढे मंडळ्या एक झाल्या.
वरून पत्र आलं, आम्ही पाटी रंगवली.
जुना शब्द लांबलचक, निम्म्यांना म्हणता यायचा नाही,
तरी ब्रश फिरू लागला तसे शमुवेल सोज्वळ
उठून नदीकडे गेले
आणि मरेपर्यंत "आम्ही प्रेसबिटेरी"च म्हणत राहिले.
त्यांची कबर पट्टीतली सहावी.

बोस्त्यांव गेला तेव्हा
आम्ही त्याच्या सिमितेरीच्या फाटकाबाहेर गायलो.
आत या, त्यांच्या विगारांनी दोनदा सांगितलं.
पण तो तरी कधी आला होता?

मग खाणी थांबल्या.
बार्जी नदीत गंजल्या, ट्रकांवर वेली चढल्या,
पोरं पुण्याला गेली, दुबईला गेली.
"स्थलांतर" लिहून हात दुखायचा,
शेवटी मी त्याचा रबरी शिक्का करून घेतला.

गेल्या रविवारी आम्ही सात.
भिंतीला ओल आली आहे, पाटीचे पोपडे सुटताहेत.
दार लावताना पाहिलं, रस्त्यात एक मुलगी उभी,
पार्लरचा निळा गणवेश, हातात पावाची पिशवी.
ती पाटी वाचत होती,
म्हणजे पाटीखालची पाटी,
रंगातून वर आलेली रोमन अक्षरं, बोटाने एकेक.

तिच्या गावात, मिझोरमच्या कुठल्याशा डोंगरावर,
हाच शब्द आहे म्हणाली. टेकडीएवढ्या देवळावर.
मोडक्या हिंदीत विचारलं, अजून चालू आहे का?

मराठी तिला येत नाही. मला तिचं काही येत नाही.
मी कुलूप काढलं, वही काढली,
शिक्का ड्रॉवरमध्ये मागे सारला.
लालरिनपुई.
"रि पहिली की दुसरी?" मी विचारलं.
तिला कळलं नाही.
तिने पुन्हा एकदा, सावकाश, नाव सांगितलं.