कोणी मोजल्या?

"वादळात तीनशे होड्या बुडाल्या."
अराबाच्या निबंधातलं हे वाक्य
क्वांसासाहेबांनी खोडलं नाही.
समासात पेन्सिलीनं विचारलं फक्त:
कोणी मोजल्या?

अकरा लेख आहेत, सर, ती म्हणाली.
अकरा जणांनी पाहिलं, की
एकाचंच अकरा जणांनी ऐकलं?
ते शिडी आणायला गेले.

केप कोस्टच्या त्या ग्रंथालयात
हरमाटान वाऱ्याची धूळ टेबलावर बसत होती.
तळटीप धरून ती मागे मागे गेली,
जाळं ओढतात तशी, हातामागून हात.
अकराव्याचं बोट दहाव्याकडे,
दहाव्याचं पाचव्याकडे,
पाचव्याचं एका अहवालाकडे,
अहवालाचं बंदराच्या वहीकडे.

वही सुतळीनं बांधलेली. कसर लागलेली.
होड्या ३०
आणि पुढे शाईचा एक गोल थेंब.

नखानं खरवडून बघावासा वाटला तिला.
खरवडला नाही.

पान उलटलं.
मागे तीसही होड्यांची नावं,
कुणाच्या तरी थरथरत्या अक्षरात.
अकरा लेखांत यातलं एकही नव्हतं.

दिवे घालवायची वेळ झाली, क्वांसासाहेब म्हणाले.
अजून सहा राहिल्यात, सर.
त्यांनी खुर्ची ओढली.
वाच तू. मी उतरवून घेतो.