पटावर

बाई, तुम्ही झारागोसाहून आलात,
वही उघडलीत, चष्मा पुसलात,
आणि पहिलाच प्रश्न संख्येचा काढलात.
चार ऑगस्ट, अडतीस. दुसरी बटालियन. चारशे बारा.
अक्षर माझंच आहे.
दोनाच्या शेपटीला असा हिसका
आख्ख्या ब्रिगेडमध्ये मी एकटाच द्यायचो.

पण तो आकडा माणसांचा नाही.
पावांचा आहे.

बसा. बदाम घ्या, कालच फोडलेत.

मी कारकून. बंदूक मिळाली होती, तिला पट्टा नव्हता,
म्हणून सुतळी बांधली,
आणि पुढे त्याच सुतळीनं कागद बांधले.
सुरुवातीला आम्ही सैन्य नव्हतोच,
घरून निघालेले लोक होतो नुसते.
कागदगिरणीतले, न्हावी, एक घंटा ओतणारा.
सलाम कुणी कुणाला ठोकत नसे,
हल्ला करायचा की नाही यावर हात वर व्हायचे.
मग वरून हुकूम आला, शिक्के आले,
आम्हाला एक क्रमांक मिळाला.

क्रमांक शेवटपर्यंत तोच राहिला.
खालची माणसं तीनदा बदलली.
पहिली तेरुएलच्या बर्फात पायाच्या बोटांपासून संपत गेली.
दुसरी मार्चमध्ये, माघारीत, रस्त्याच्या दोन्ही कडांना.
तिसरी आली ती दुधाच्या बाटलीतली,
सतरा-सतरा वर्षांची,
आईनं विणलेले मोजे घालून.
तुमच्या पुस्तकात ही एकच ब्रिगेड असेल.
असू दे.

संत जेम्सच्या सणाच्या पहाटे एब्रो ओलांडली.
होड्या कोळ्यांच्या होत्या, अजून मासळीचा वास मारत होत्या.
पलीकडे डोंगर, आणि डोंगरावर पाणी नाही.
पाव रात्री यायचा, पुलावरून, पूल शाबूत असला तर.
जितकी नावं पटावर, तितके पाव.

तिथं मी पहिल्यांदा खोटं लिहिलं.
म्हणजे, लिहिलंच नाही.
कोस्मे अर्नाल सकाळी गेला
आणि मी लेखणी शाईत बुडवली नाही.
त्याचा पाव तर्सिसीनं खाल्ला.
तर्सिसी बोनेत. वरच्या ओठावर लव नाही,
घास मात्र घंटा ओतणाऱ्याएवढा.

आमचा कॅप्टन पूर्वी बाजारात वजनमापं तपासायचा.
खोटं माप त्याला लांबून कळायचं.
त्यानं तक्ता वाचला, माझ्याकडे पाहिलं,
बोटानं एकेक नाव चाचपलं,
आणि सही केली.

मेलेले दोन दिवस जेवत, कधी तीन.
मग मी त्यांना काट मारायचो.
तर्सिसी गेला तेव्हा मी त्याला अकरा दिवस पटावर ठेवला.
इतके दिवस कुणालाच ठेवला नव्हता.
बाराव्या दिवशी कचेरीवरच तोफगोळा पडला.
काट मारायची राहिली.

माझी प्रत मी फेब्रुवारीत जाळली,
फ्रान्सच्या वाळूत, हात शेकायला.
कार्बनखालची जिंकणाऱ्यांना सापडली,
म्हणून तर ती आज तुमच्या पिशवीत आहे.
त्यांनी ती नीट वाचली हो, तुमच्याइतकीच नीट.
नाव, गाव, बापाचं नाव.
सिव्हिल गार्ड तर्सिसीच्या दारात गेले,
कोठी उपसली, गवताच्या गंजीत संगिनी खुपसल्या.
कुठं लपवलाय बोल.

त्याच्या आईला कळलं ते एवढंच
की सरकार त्याला शोधतंय.
सरकार मेलेल्याला कशाला शोधेल?

मी सुटून आलो बेचाळीसमध्ये.
तिच्या गावापर्यंत चालत गेलो, काखेत एक पाव.
दुसरं काय नेणार होतो?
तिनं दार उघडलं, पाव घेतला, म्हणाली,
हळू बोला, ते अजून पाळतीवर असतात.
आणि आत जाऊन
पावाचे दोन तुकडे केले,
एक फडक्यात बांधून फळीवर ठेवला.

मी काही बोललो नाही.
तेव्हाही काट मारायची राहिली.

आता तुम्ही म्हणता, खरी संख्या सांगा, वजाबाकी करू.
करा.
कोस्मे वजा करा, घंटावाला वजा करा,
मी नावं सांगतो, सगळी आठवतात,
पण त्या एकाच्या नावाशी आलात की
थोडं थांबा, बाई,
खिडकी लावून घेतो.
वारा फार आहे, कागद उडतील.