दांडीवरची जागा

सहा कोंबड्या आणि एक उलटी बादली.
वर कोण चढणार, हे मला कुणी विचारत नाही.
जेर्त्रूदिस चढते. काळी, जाड,
कानांपाशी पिसांचे झुपके,
जत्रेला बाळ्या घालून निघाल्यासारखी.
ती चढली की बाकीच्यांचं उजाडतं.

मी एकोणीस वर्षं सामन कापला,
दालकावेच्या खाडीवर, कारखान्यातल्या
लांब पांढऱ्या टेबलाशी.
हीटरजवळची जागा एल्बाची.
दाराजवळ, जिथे वारा बोटं चावतो, तिथे नवी पोर.
असं कुठे लिहिलेलं नव्हतं.
पहिल्या दिवशी मी हीटरजवळ उभी राहिले.
एल्बाने फक्त सुरी पुसली,
माझ्याकडे बघत, हळू,
आणि मी दाराजवळ गेले.

म्हणून जेर्त्रूदिस तांबडीच्या डोक्यात
एकच टोच मारते तेव्हा,
हिशेबातली, रक्त न काढणारी,
मी मध्ये पडत नाही.
तांबडी मग राखाडीला टोचते,
राखाडी त्या दोघी बहिणींना,
आणि बहिणी, एकमेकींना वगळून, मीगाला.
मीगा म्हणजे पावाचा चुरा. मानेवर पिसं नाहीत,
पंगत उठल्यावर जेवते,
उष्ट्यातले दाणे वेचते,
आणि अंडं मात्र सगळ्यांत निळं तिचंच.

"जुलूम आहे हा, एदुविना,"
कुंपणावरून नोल्बेर्तो म्हणतो.
तो युनियनचा माणूस. त्याच्याकडे कोंबड्या नाहीत,
एक कुत्रा आहे, तोही त्याचं ऐकत नाही.
"जुलूम नाही," मी म्हणते. "शिस्त.
बघ, कसं शांत आहे सगळं."
तो मीगाच्या मानेकडे बघतो
आणि काही बोलत नाही. हे मला जास्त लागतं.

ऑगस्टमध्ये, हिवाळा हाडांत मुरलेला असताना,
जेर्त्रूदिस दांडीखाली सापडली.
पाय आखडलेले, झुपके कोरडे.
मी तिला सफरचंदाच्या झाडाखाली पुरलं
आणि परत आले तर अंगणात लढाई.

नऊ दिवस.
पाण्याच्या थाळीत पिसं. एकही अंडं नाही.
तांबडी बादलीवर चढली, घसरली,
राखाडीने तिला उठूच दिलं नाही.
आणि त्या दोघी बहिणी,
एका कुशीत उबलेल्या, एका पंखाखाली झोपणाऱ्या,
त्यांनी एकमेकींचे तुरे फोडले.
मी जखमांना राख लावत बसले.
"झाल्या ना मोकळ्या?" मी कुंपणाकडे ओरडले.
"आता कर त्यांची सभा!"

नोल्बेर्तो आला. सभा नाही घेतली.
रंगाचे तीन जुने डबे कापून, घासून आणले होते,
कडा ठोकून बोथट केलेल्या.
एक फाटकाशी, एक लाकडांच्या ढिगामागे,
एक पार सफरचंदापाशी ठेवला.
"तू एकच थाळी मांडतेस," एवढंच म्हणाला.
एकोणीस वर्षं मी त्या टेबलाशी उभी होते;
दुसरा हीटर मागावा,
हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

टोचाटोची थांबली असं नाही.
राखाडी आता बादलीवर असते, जरा घाईची, जरा कर्कश.
बहिणी पुन्हा शेजारी झोपतात,
मध्ये चार बोटं जागा सोडून.
पण मीगा लाकडांमागे जेवते, भिंतीला पाठ लावून,
सावकाश, चोच पुसत.
तिच्या मानेवर लव आली आहे. बघायला गेलं की पळते.

संध्याकाळी नोल्बेर्तो चहाला येतो.
चुलीजवळची खुर्ची माझी, दाराजवळची त्याची,
हेही कधी कुणी ठरवलं नव्हतं.
काल मी लाकूड आणायला उठले,
परत आले तर तो माझ्या खुर्चीत,
पाय चुलीकडे पसरून.

मी बटाट्यांची सुरी घेतली.
त्याच्याकडे बघत पुसली, हळू.

तो हसला.
उठला नाही.