मर्यादेबाहेर

शाळेच्या जिममध्ये, बास्केटच्या जाळीखाली
आम्ही टेबल मांडलंय:
नळ्या, कापूस, बर्फाची पेटी,
आणि ते गरगरणारं यंत्र, रक्ताची वाटणी करणारं.
खाली तांबडं, वर फिकट पिवळं. भांडण नाही.

रात्रीचे तीन. बोव्हेत्समध्ये कुत्रंसुद्धा जागं नाही.
डोंगरावरून कपाळावरचे दिवे उतरताहेत,
मध्येच एखादा थांबतो, ओकतो, पुन्हा निघतो.

एकशे साठ किलोमीटर पळून आलेल्याची
शीर चटकन सापडत नाही.
रक्त आत दडून बसतं,
फटाक्यांना भ्यालेल्या मांजरासारखं.
मी मनगट चोळते, म्हणते, मूठ आवळा.
एकाने विचारलं, मूठ कुठाय?

कागद सरकत बाहेर येतो.
स्नायूंचं कायनेज: अठरा हजार सातशे.
असायला हवं दोनशेच्या आत.
ट्रोपोनिन वर. सोडियम खाली.
कॉर्टिसॉल, अजून वाघ मागे असल्यासारखं.
जे मर्यादेबाहेर, त्याच्यापुढे यंत्र एक तारा छापतं.

डॉक्टर म्लेकुझ चष्मा कपाळावर चढवतात.
पंचाहत्तरी उलटली, तरी या रात्रीला येतातच.
म्हणतात, हे आकडे मी ओळखतो.
भूकंपाच्या साली, तुळया उचलून
खालून काढलेल्या माणसांचे होते.
स्नायू चिरडला की असाच विरघळतो, आणि मूत्रपिंडं तुंबतात.

ती माणसं पाणीसुद्धा मागत नव्हती.
ही सूप मागताहेत.
एकाची तर तक्रार, मीठ कमी पडलंय.

दारिंका पावणेपाचला आली.
त्रेंताच्या खोऱ्यात टपाल वाटते ती, अठ्ठावीस वर्षं.
पायाची दोन नखं बुटातच राहिली होती,
त्याबद्दल ती काही बोलली नाही.

तिची शीर मला शोधावी लागत नाही.
डाव्या कोपराच्या घडीत, तिळाच्या शेजारी.
मार्चमध्ये मीच टोचली होती.
लोय्झेला पुरून तिसरा दिवस.
झोप नाही, घास उतरत नाही,
पत्रं भलत्याच घरांत पडत होती,
म्हणून पोस्टमास्तरने पाठवलेलं.
एकूण एक तपासलं आम्ही.
सगळं मर्यादेत.
ठणठणीत आहेस, म्हणाले डॉक्टर, मायेनेच म्हणाले.
ती कागदाकडे बघत राहिली,
चुकीच्या पत्त्यावर आलेल्या पाकिटाकडे बघावं तशी.

आता तिने हात पुढे केला. दाखव.
खरं तर दाखवायचं नसतं.
मी दाखवलं.
अकरा तारे. तिने बोट ठेवून मोजले,
टपालाचा गठ्ठा मोजतात तसे, ओठ न हलवता.
हे माझं?
हो.
सगळं?
सगळं.
उमटलं म्हणायचं एकदाचं, ती म्हणाली,
आणि जिमच्या फरशीवर, चटईसुद्धा न ओढता,
कुशीवर झोपून गेली.
डॉक्टरांनी तिच्यावर आपला कोट टाकला.
दर अर्ध्या तासाने मी तिची नाडी बघत राहिले.

दहाव्या दिवशी, नियमाप्रमाणे, शेवटची नळी.
रक्त परत आलेलं, हातपाय धुऊन,
काही झालंच नाही अशा चेहऱ्याने.
कायनेज एकशे साठ. एकही तारा नाही.
मूत्रपिंडं शाबूत. हृदय? त्याच्याबद्दल यंत्राला काही तक्रार नाही.

मी तो कागद तिला देताना चाचरले.
तिने घेतला नाही.
जुना छाप, म्हणाली, पहिला खिशात भिजला.

मी छापला.
तिने चार घड्या घातल्या,
पिवळ्या गाडीचं मागचं दार उघडलं,
आणि वरच्या वस्तीची पत्रं लावता लावता
तो कागद
आपल्याच घराच्या कप्प्यात टाकला.