शाळा सोडण्याचे कारण

सालमियातली आमची शाळा
उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी बंद होती,
म्हणून कुवेतमध्ये रणगाडे शिरले त्या सकाळी
एकाही पोराचा खाडा लागला नाही.

तेराव्या दिवशी मी फाटक उघडलं.
टाइपरायटर नेला होता, पाण्याचा कूलर नेला होता,
प्रयोगशाळेतला सांगाडासुद्धा उचलला होता सैनिकांनी,
कशाला, त्यांचं त्यांना ठाऊक.
कोरे दाखले तेवढे कपाटात जसेच्या तसे.
एकशे चाळीस.
पोरं अकराशे.

मी आंब्रे, इथला कारकून, मूळचा चिपळूणकडचा.
अक्षर वळणदार, एवढंच भांडवल.
व्हरांड्यात रांग लागली.
बँकेतले दिनार बँकेतच अडकले,
सोनं परकराच्या नेफ्यात शिवून झालं,
आता अम्मानची बस धरण्याआधी
प्रत्येकीला हवा होता दाखला.
गावाकडची शाळा, बाबा,
दाखल्याशिवाय पायरी चढू देत नाही.

नाव. जन्मतारीख. इयत्ता.
वर्तणूक: चांगली.
सगळ्यांचीच चांगली लिहिली,
लेस्टर फुर्तादोचीसुद्धा, ज्यानं एप्रिलात
मुख्याध्यापकांच्या गाडीत मांजर कोंडलं होतं.
आणि मग तो रकाना.
शाळा सोडण्याचे कारण.

पहिल्या दाखल्यावर खरं लिहिलं.
मैमूना परकारचे वडील म्हणाले, खोडा साहेब,
रस्त्यात नाके आहेत, कागद वाचतात.
खोडलं. वर लिहिलं: पालकांची बदली.
दुपारपर्यंत आख्ख्या शहराची
बदली करून टाकली मी.

शिक्क्याची गादी त्या उन्हात वाळून खडखडीत.
थुंकी लावून पाहिली, कोमट पाणी लावून पाहिलं.
शेवटी कॅन्टीनमध्ये एक विम्टोची बाटली सापडली,
ती ओतली.
जांभळा, गोड वासाचा शिक्का उमटला.
बालवाडीतली पोरं
आपापला दाखला हुंगत जिना उतरली.

कुरियन आले. त्यांची पोरं दोन,
एक आठवीत, एक दहावीत.
दाखला एकच मागितला,
आठवीचा.
मी दहावीचं पान उघडून बसलो होतो.
मिटलं.

फॉर्म संपले तशा चित्रकलेच्या वह्या फाडल्या.
एका बाजूला दाखला, पाठीमागे डोंगर,
दोन डोंगरांच्या मधून नदी,
इथंच जन्मून कधी टेकाडही न पाहिलेल्या हातांनी काढलेली.

संध्याकाळी अबू ग़ालिब आला,
शाळेच्या बसचा ड्रायव्हर, वीस वर्षं.
कुठलं पोर कुठल्या थांब्यावर रडतं, त्याला पाठ.
माझ्यासमोरच्या बाकावर अवघडून बसला,
गुडघे बाकात मावेनात.
म्हणाला, एक माझाही लिही.
मी हसलो. तो हसला नाही.
रमला गाव, इयत्ता चौथी, साल अठ्ठेचाळीस.
तेव्हा आमच्या मास्तरला
लिहायला वेळ मिळाला नव्हता.
मी विचारलं, वर्तणूक?
म्हणाला, पाढे यायचे.
आणि कारण?
जे बाकीच्यांचं लिहिलंस तेच.

घडी घालून त्यानं दाखला
लायसनच्या पाकिटात ठेवला,
आणि बस पुसायला गेला,
जी बस कालच नेली होती.

आठ वर्षांनी चिपळूणला, मच्छी मार्केटच्या तोंडाशी
मैमूनानं हाक मारली. कडेवर मूल.
म्हणाली, आंब्रेकाका, तुमच्या दाखल्याची गंमत सांगते,
इथल्या हेडमास्तरांनी वर्षभरानं फाइल काढली
तर आतून मुंग्यांची रांग.
शिक्का गोल कुरतडून नेलेला,
शाळेचं नाव गेलं, गाव गेलं,
कागदाला नाण्याएवढं भोक.
खाली तुमचं अक्षर मात्र शाबूत:
पालकांची बदली.

खूप हसली.
मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं.
मीही हसलो, पिशवीत कोलिम होतं, वास सुटला होता.

अबू ग़ालिबची पुढं कुठं बदली झाली
काही कळलं नाही.