अडीच तास पुढे

इतवाऱ्यात, भांड्यांच्या दुकानांची ओळ संपते तिथे
मोहरासिंग घडीसाज बसत.
दुकान कसलं, एक फळकूट, त्यावर काच,
काचेखाली पोट उघडून पडलेली घड्याळं.
भिंतीवर मात्र दोन चालू:
एक नांदेडचं,
दुसरं अडीच तास पुढे.
गिऱ्हाईक म्हणे, सरदारजी, हे बिघडलंय.
ते मान न उचलता सांगत,
बिघडलं नाही. ते दूर हाय.

दूर म्हणजे संघाई. नकाशात शांघाय.
जवानीत नऊ वर्षं तिथे पोलिसात होते.
नदी गोदेसारखीच गढूळ, म्हणत, पण घाईतली,
आणि काठानं बँका, कंपन्या, कचेऱ्या,
घाट नाही एकही, पायरीला पाय लावून बसावं असा.
कस्टमच्या मनोऱ्यावर मोठं घड्याळ.
ते विलायतेच्या आवाजात टोले देई
आणि चिनी हमाल त्यावर उठत.

एका गावात तीन कायदे.
हा रस्ता ओलांडला की फ्रेंच, तो पूल ओलांडला की इंग्रज,
आणि उरलेल्या जागेत चिनी,
आपल्याच गावात पोटभाडेकरू.
माझ्या वडिलांना हे समजावून सांगावं लागत नसे.
त्यांनी एका खिशात हाली, एका खिशात कलदार बाळगला होता;
राज्य निजामाचं,
आणि निजामाच्या वर बसलेला साहेब
हैदराबादेत, पंख्याखाली.

'चौकात मी. लाल पगडी, हातात दंडुका.
रस्ता त्यांचा, शिट्टी गोऱ्याची, हात माझा.
हात वर केला की रिक्षावाला थांबे,
म्हातारी थांबे, शव घेऊन जाणारे थांबत.
पयले पयले मला लई भारी वाटायचं.'
मग एका मे महिन्याच्या अखेरीस
कॉलेजची पोरं आली, कागदी झेंडे घेऊन,
ठाण्याच्या फाटकापर्यंत.
इथवर आलं की ते भिंग डोळ्यावर चढवत,
चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग धरत.
पुढचं भिंगाआड.

बासष्टच्या हिवाळ्यात
आमच्या शाळेनं जवानांसाठी मोजे गोळा केले,
आणि मुख्याध्यापक खडसे सरांना आठवलं
की गावात एक माणूस आहे चीन पाहिलेला.
आणलं त्यांना. हार घातला.
आम्ही साडेतीनशे पोरं मैदानावर, थंडीनं बगलेत हात घालून.
सांगा सरदारजी, सर म्हणाले, चिनी कसा असतो?
चेहऱ्यावरून कसा ओळखावा?

मोहरासिंगांनी माईकला बोटानं टिचकी मारली,
घड्याळ जिवंत आहे का बघावं तशी.
म्हणाले,
'चेहरा मला नाही सांगता यायचा.
मी त्यांना जास्त करून पाठमोरं पाहिलंय.
पळताना.
एकाच्या पाठीवर दप्तर होतं, तुमच्यासारखंच.
निळं.'

टाळी वाजली नाही. सरांनी घाईनं राष्ट्रगीत सुरू केलं,
ते जरा वरच्या पट्टीत लागलं.
मोहरासिंग ताठ उभे राहिले, पोलिसासारखे.
हार तिथंच खुर्चीवर राहिला.

पुढे मी इतिहास शिकवायला लागलो.
नववीला दीड पान असे: अफू, युद्ध, तह, पाच बंदरं उघडली.
आपल्या माळव्याची अफू, मी पदरचं सांगायचो,
पेट्या भरभरून मुंबईला, मुंबईहून बोटीनं;
ते नको म्हणाले म्हणून तोफा गेल्या.
पार्डीहून सायकलवर येणारी एक मुलगी,
कावेरी इंगोले, एकदा उभी राहिली:
सर, बंदर 'उघडलं' म्हणजे आतून की बाहेरून?
मी फळ्याकडे वळलो. तारीख पुन्हा लिहिली,
लिहिलेलीच होती.

ते घड्याळ मी मागून घ्यायला हवं होतं.
दुकान गेलं तेव्हा भंगारात गेलं असणार,
की कुणी काटे मागे फिरवून
'दुरुस्त' केलं असेल.
साडेअकराला माझा तास सुटायचा.
पोरं डबे घेऊन लिंबाखाली धावायची,
आणि मी रिकाम्या वर्गात हिशेब करायचो:
तिथे आता दोन.