डावा पंजा

खोली क्रमांक सातमध्ये
मी दिवसाला चाळीस फोटो काढते.
छाती, गुडघा, छाती, मणका, छाती.
वाशीतली माणसं खोकतात फार.

मधूनच एखादा डावा पंजा येतो.
वय कागदाला न विचारता हाडांना विचारायचं असलं
की डावाच घेतात.
उजवा कामाला जुंपलेला,
डावा जरा मोकळा, म्हणून खरं बोलतो,
असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं.

तान्ह्या मुलाच्या मनगटात
दिसण्यासारखं हाड नसतंच. कूर्चा फोटोत उमटत नाही.
मग एक दाणा येतो, त्याच्या शेजारी दुसरा,
कुणी काळ्या पाट्यावर सावकाश तांदूळ टाकावेत तसे,
वर्षाला एखादा, कधी दोन.
आठवा सगळ्यात आळशी,
वाटाण्याएवढा,
पोर चौथी-पाचवीत जाईपर्यंत तोंड दाखवत नाही.

आणि लांब हाडांच्या टोकाशी काळी फट.
वाढीचं सगळं काम तिथे.
घणसोलीत घरांच्या माथ्यावर
सळ्या उघड्या ठेवतात ना,
अजून एक मजला चढवायचा म्हणून,
तसं.
फट बुजली की सळ्या कापल्या,
गच्ची टाकली, टाकी बसवली.

माझ्या मुलीचा पंजा मी एकदाच काढला,
सागर विहारला सायकलवरून पडली तेव्हा.
हाड शाबूत. फट बुजलेली.
तिला म्हटलं, काही नाही, मुरगळलंय.
दुसरं सांगितलं नाही.
त्याच संध्याकाळी सेक्टर सतराला चपला घेताना
पुढे अंगठ्याएवढी जागा सोडून बघितली मी,
सवयीने.
"आई, मोठ्या होतायत," ती म्हणाली.

बुधवारी दिघ्याहून एकीला आणलं.
सोबत महिला शिपाई, बालकल्याणच्या बाई,
आणि आई, दुर्गव्वा, खाणीवर खडी फोडणारी.
लग्नपत्रिका छापून झालेली.
नवऱ्याकडचे म्हणत होते, मुलगी एकोणीसची.
शाळेचा दाखला नाही, जन्माचाही नाही.
"कुठल्या साली झाली?"
"क्रशरला आग लागली, त्याच्या आदल्या होळीला."
आग कुठल्या साली लागली
ते खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

यल्लवा तिचं नाव.
म्हटलं, डावा हात ठेव, बोटं थोडी फाकव.
तळव्यावर घट्टे. डाव्याच.
हातोडा उजव्यात असतो, छिन्नी धरायची डाव्यात.
कॉलेजात हे शिकवलं नव्हतं.

"हलू नकोस."
तिने श्वाससुद्धा रोखून धरला.
पंजाला तो रोखावा लागत नाही,
पण मी काही बोलले नाही.

आठही दाणे जागच्या जागी.
बोटांतल्या फटी मिटलेल्या.
मनगटाशी मात्र, अंगठ्याच्या अंगाला,
फट उघडी.
केसाएवढी, पण उघडी.
आणि तिच्या अलीकडे आडव्या पांढऱ्या रेघा,
दोन ठळक, एक पुसट.
वाढ अडून पुन्हा सुरू झाली
की हाड कधीकधी अशी रेघ ओढून ठेवतं.
ताप असेल, नाहीतर
पोटात काही नसेल.

मी दुर्गव्वाला विचारलं,
लहानपणी हिचे हाल झाले होते का?
"क्रशर बंद होता. दोन पावसाळे."
मग जरा थांबून,
"अन् एकदा थोडे, हिच्या पाठचा झाला तेव्हा."
पडदा तिच्याकडे पाठमोरा होता.
साल न सांगता येणाऱ्या बाईने
तिन्ही रेघा बरोबर वाचल्या.

रिपोर्टात रेघांना रकाना नाही.
डॉक्टरांनी लिहिलं, पंधरा ते सोळा.
पुढचं कोर्टात.
एवढ्यावर पत्रिका रद्दीत गेल्या असतील
असं मला वाटतं, खात्री नाही.

निघताना यल्लवा मागे वळली.
"बाई, मी अजून उंच होईन?"
आम्हाला पेशंटला काही सांगायची मुभा नसते.
"जराशी," मी म्हटलं, "बोटभर."

माझ्या खोलीचं दार चांगलं सात फुटी आहे.
बाहेर पडताना
ती उगीच वाकून गेली.